विसाव्या मतदारसंघाची शेवटची कारकून

मी, लेम्पी योहान्ना रांतानेन, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, राहणार टॅमरॅक स्ट्रीट, पोर्ट आल्डन, हॅलोरन काउंटी, राज्य मिशिगन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या टाइपरायटरवर लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा प्रयत्न ज्यांनी पूर्वी केला, त्यांचे काय झाले ते गावाला ठाऊक आहे. सन १९६६ मध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. वकील श्री. बेरुती म्हणतात की मृत्युपत्रात कारणे लिहायची नसतात. मी बत्तीस वर्षे सरकारी पत्रे लिहिली आहेत. कारण न देणारे पत्र मला अर्धवट वाटते.

कलम १. माझे राहते घर, त्यातील सामान, बँकेतील शिल्लक आणि परसातील सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, हे सर्व माझी बहीण साइमा हिची मुलगी मार्लीन हिला मिळावे. अट एकच. सौना दर शनिवारी तापली पाहिजे. ती पाडून तिथे मोटार उभी केल्याचे आढळल्यास घर माझा चुलतभाऊ ऐनार याच्याकडे जाईल, आणि ऐनार कसा आहे ते मार्लीन जाणते.

कलम २. चाळीस कपांचे कॉफीचे भांडे वेर्ना हॉकिंग हिला मिळावे. १९५७ सालच्या चर्चच्या सहलीला तिने ते माझ्याकडून नेले, परत आणून दिले, आणि तेव्हापासून ते मुळात तिचेच होते असे ती सांगत आली आहे. आता तिचे म्हणणे खरे होईल.

कलम ३. विसाव्या मतदारसंघाच्या कचेरीतील अकरा खण पत्रे आणि भिंतीवरचा सात काउंट्यांचा नकाशा गावच्या वाचनालयाला द्यावा. हे सामान माझ्याकडे कसे आले ते लिहिणे भाग आहे, कारण आज शाळेतल्या मुलांना असा मतदारसंघ होता हेच माहीत नाही.

तांब्याच्या खाणी भरात होत्या आणि आमच्याकडे माणसे मावत नव्हती, तेव्हा हा मतदारसंघ आखला गेला. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात एक खुर्ची आमची झाली. पहिला प्रतिनिधी खाण कंपनीचा वकील होता. माझे वडील म्हणत की तो कंपनीच्या आगगाडीच्या डब्यातून जायचा आणि कंपनीच्याच डब्यातून यायचा, मध्ये काय केले ते कंपनीला माहीत.

मी कामाला लागले १९३३ साली, होसिया ट्रेम्बाथ यांच्याकडे. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक खडखडणारा रेडिएटर आणि जिन्यात कायम ओल्या बुटांचा वास. ट्रेम्बाथ इंग्लंडातून आलेल्या कॉर्निश खाणमुकादमाचा मुलगा. दर शुक्रवारी बायकोने केलेल्या पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, रुमालात बांधून आणायचे आणि बाकावर बसलेल्या सगळ्यांना वाटायचे, मग तो मत देणारा असो वा नसो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितले, "पोरी, पत्राचं उत्तर त्याच आठवड्यात गेलं पाहिजे. उत्तर 'नाही' असलं तरी." पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. जाताना माझी नोकरी टिकावी म्हणून जिंकलेल्या माणसाकडे स्वतः शब्द टाकून गेले.

तो माणूस म्हणजे आंतोन मिहेलिच. क्रोएशियन, आधी खाणीत, मग शाळामास्तर. पंधरा वर्षे मी त्यांच्यासाठी लिहिले. फिनिश बायका माझ्या टेबलाशी येत, इटालियन आणि क्रोएशियन त्यांच्या टेबलाशी, आणि बर्फ पडत असला की कोणीच लवकर उठत नसे. फुप्फुसात धूळ गेलेल्यांचे अर्ज, सैन्यात गेलेल्या मुलांची चौकशी, विधवांची पेन्शन. संध्याकाळी ते खिडकीत उभे राहून म्हणत, "मिस रांतानेन, आज किती जणांना आपण उपयोगी पडलो?" मी आकडा सांगत असे. त्यांनी मला कधी लेम्पी म्हटले नाही. म्हटले असते तर मला आवडले असते. एवढे लिहून हा विषय बंद करते.

मार्च १९५० मध्ये, एका मंगळवारी, वॉशिंग्टनच्या भाड्याच्या खोलीत ते वारले. जागा जूनपर्यंत रिकामी राहिली. त्याच दिवसांत ताउनो पेल्टोलाला देशाबाहेर काढायचे ठरले होते. फिनलंडहून आलेला ताउनो सहकारी दुकानात पीठ आणि साखर मोजायचा. मंदीच्या काळात तो कामगारांच्या लाल, म्हणजे कम्युनिस्ट, हॉलमध्ये नाटकात काम करायला जायचा, एवढाच त्याचा गुन्हा. बायको आणि दोन मुली इथल्या. वारण्याच्या आदल्या दिवशी मिहेलिच मला फोनवर म्हणाले होते, "पेल्टोलाचं पत्र मी उद्या लिहितो." तो उद्या त्यांना मिळाला नाही.

म्हणून शुक्रवारी हद्दपारीच्या खात्याला ते पत्र मी लिहिले. तारीख सोमवारची घातली आणि खाली आंतोन मिहेलिच अशी सही केली. साध्या पत्रांवर त्यांच्या परवानगीने मी तशी सही अनेकदा केली होती. या वेळी परवानगी देणारा माणूस नव्हता. ताउनोची हद्दपारी थांबली. पुढे तो नागरिक झाला. मी केले ते बेकायदा होते हे मी आज प्रथमच लिहून कबूल करते. पश्चात्ताप होतो का, असे वकिलांनी विचारले. होत नाही.

कलम ४. हे कलम एमेट ड्यूफ्रेन यांच्याविषयी आहे. मिहेलिच यांच्या जागी जूनमध्ये ते निवडून आले आणि मतदारसंघाचे शेवटचे प्रतिनिधी ठरले. लाकूड तोडणाऱ्यांच्या घरातला हसरा माणूस, सातही काउंट्यांतली कुत्री त्यांना ओळखत.

खाणी एकामागून एक बंद झाल्या. मुले डेट्रॉइटला गेली, त्यांच्या मागोमाग आईबाप गेले. १९६४ साली राज्याच्या राजधानीत मतदारसंघांच्या नव्या रेषा आखायला समिती बसली, तेव्हा आमचा मतदारसंघ पुसून शेजारच्यात मिसळायचा बेत निघाला. मी चार महिने आकडे जमवले. आम्ही चाळीस जण बस करून दहा तास प्रवास करून समितीपुढे गेलो. त्यात शिक्षिका होत्या, पाद्री होता, ताउनोही होता. एमेट बोलणार होते. त्यांचे नाव पुकारले गेले. ते उभे राहिले, माझे कागद त्यांच्या हातात होते, आणि म्हणाले, "मला काही सांगायचं नाही." मग खाली बसले.

रेषा मंजूर झाली. मी जानेवारीत कचेरीला कुलूप लावले. पत्रे कोणालाच नको होती, म्हणून ती आणि नकाशा घरी आणला. एमेट यांनी निरोपादाखल घड्याळ पाठवले, ते मी परत केले. ते माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात. सतरा वर्षे मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांची बाजाराची वेळ कळल्यावर माझी बदलली. १९६६ च्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की एमेट ड्यूफ्रेन यांना माझ्या अंत्यविधीला चर्चमध्ये येऊ देऊ नये.

या मे महिन्यात ताउनो वारला. दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव होता. एमेट आपला कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. मी उठू लागले.

"बस, लेम्पी," ते म्हणाले. "आता ताउनो गेला. आता सांगायला हरकत नाही."

समितीपुढे जाण्याच्या आदल्या दिवशी नव्या रेषेच्या बाजूचा एक माणूस त्यांना भेटला होता. नाव त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्याच्याकडे माझ्या त्या पत्राचे पाकीट होते. पत्रावर सोमवार होता, पाकिटावर टपालाचा शिक्का शुक्रवारचा, म्हणजे सही करणारा वारल्यानंतर तीन दिवसांचा. पाकिटाकडे माझे लक्षच गेले नव्हते. तो माणूस एवढेच म्हणाला होता की उद्या तुम्ही बोललात तर ताउनोचे नागरिकत्व पुन्हा तपासले जाईल आणि तुमच्या कारकूनबाई कोर्टात उभ्या राहतील.

मी विचारले, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी कप खाली ठेवला.

"तू समितीपुढे उभी राहून सही कबूल केली असतीस," ते म्हणाले. "मग मतदारसंघ वाचलाही असता कदाचित. पण ताउनो तिथंच बसला होता ना, तिसऱ्या रांगेत. पोरींचे फोटो दाखवत होता सगळ्यांना."

"सतरा वर्षं, एमेट."

"हो. माझ्या बायकोच्या मयतीलाही तू आली नाहीस. ते तेवढं लागलं मला."

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर चालत ओडील ड्यूफ्रेन यांच्या थडग्यापर्यंत गेले. एवढेच करता आले.

म्हणून पूर्वीची बंदी मी मागे घेते. एमेट हयात असल्यास त्यांनी माझी पेटी उचलणाऱ्यांत पुढे असावे. गुडघे तोवर गेलेले असतील तर नुसता हात लावावा.

नकाशा त्यांनाच द्यावा असे माझ्या मनात होते. पण वकील म्हणाले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार राहू नये. एमेट तिथेच बसले होते. ते म्हणाले, "मग मला साक्षीदार कर. नकाशा घेऊन मी काय करू? सातही काउंट्या पाठ आहेत मला." त्यामुळे नकाशा वाचनालयाकडेच राहील.

कलम ५. पत्रे कोणालाही वाचू द्यावीत. अट ट्रेम्बाथ यांची. पत्रांविषयी कोणी काही लिहून विचारले, तर वाचनालयाने त्याच आठवड्यात उत्तर द्यावे.

वरील मजकूर मी स्वतः टाइप केला, वाचून पाहिला, आणि त्यात दोन ठिकाणी केलेली खाडाखोड माझी आहे.

सही: लेम्पी योहान्ना रांतानेन

ठिकाण: पोर्ट आल्डन. तारीख: ९ ऑक्टोबर १९८१, सकाळी.

साक्षीदार १: ग्लॅडिस नीमिनेन, ग्रंथपाल, राहणार मिल रोड.

साक्षीदार २: एमेट ड्यूफ्रेन, प्रतिनिधी, विसावा मतदारसंघ.

टीप: दुसऱ्या साक्षीदारांच्या नावापुढे 'माजी' हा शब्द घालावा असे वकिलांनी सुचवले. तो घालू नये असे मी सांगितले आहे. — ले. यो. रां.