पडद्यामागचं स्टूल

ता. ९, सोमवार

चि. बाब्यास,

ताईचा आशीर्वाद. तो काही मी मागे घेत नाही. मी बरी आहे. तूही बराच असशील, कालचा खेळ भरला होता म्हणे.

निळा कोट इस्त्री करून डाव्या कपाटात लावलाय. चंदेरी कोटाची बगल उसवलीये. शिंप्याला दुहेरी शिलाई मारायला सांग, नाहीतर हात वर केलास की परत फाटेल. पोट वाढलंय तुझं. तिथे तुला हे कोणी सांगणार नाही. किल्ल्या वॉचमनकडे दिल्यात. काचेच्या कपाटातल्या तुझ्या पहिल्या पेटीवर रोज फडकं मारायला लाव, माणसं लांबून ती बघायला येतात.

तुझे फोन दिसले. उचलले नाहीत. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी विरघळते, म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीत सुटली माझी, अक्षर लागेल तसं लावून घे.

मी लेकीकडे आलेय. तिचं बाळ आता बसायला लागलंय. कान तुझ्या-माझ्या आईसारखे आहेत. मला अजून त्याला कोणी मांडीवर दिलेलं नाही. असो.

थेटर बांधलंस तेव्हा मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू. तुझी गाणी गल्लोगल्ली वाजत होती आणि माणसं घरासमोर उन्हात ताटकळायची. तू म्हणालास, "ताई, ह्यांना बसायला जागा पाहिजे." मग खुर्च्या लागल्यावर प्रत्येक रांगेत स्वतः बसून पाहिलंस, स्टेज नीट दिसतं का. काळ्या पडद्यामागच्या माझ्या स्टुलावर तेवढा बसला नाहीस. तिथून तुझी फक्त पाठ दिसते.

मी तक्रार करत नाही. थेटर बांधत असतानाच तुझ्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तुझी ती वरच्या पट्टीतली ओळ गेली. लोक तर तेवढ्यासाठीच यायचे. तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडलास. मीच म्हणाले, रडू नकोस, तू तोंड उघड, मी गाते. लहानपणी आईलासुद्धा कळायचं नाही आतल्या खोलीत कोण गातंय, तू का मी. माइकवरचा लाल दिवा लागला की मी गायचे, विझला की गप्प. कपडेवाली बाई म्हणून सगळे मला ओळखायचे, मला तेवढं पुरायचं. एक म्हातारबा मला म्हणाले होते, "बाई, तुमच्या भावाचा गळा अजून कोवळा आहे हो." मी म्हटलं, "घरचीच देणगी आहे." दिवसभर एकटीच हसत होते.

आता गुरुवारचं.

तोंडात लवंग होती, ती घशात गेली. दिवा लागला, तुझी ओळ आली आणि मला ठसका. पदराचा बोळा तोंडात कोंबला. वाटलं, संपलं, आज माझ्या भावाची अब्रू गेली. आणि ओळ वर चढली. स्वच्छ.

बाब्या, मला वाटलं तुझा गळा परत आला. तुझ्या पाठीकडे बघून मी हात जोडले. डोळ्यांना धार लागली होती, ठसक्यानं का कशानं कोण जाणे.

मग ओळीच्या मध्यावर नाकानं श्वास ओढलेला ऐकू आला. तसा श्वास तू घेत नाहीस. तो मी घेते.

खेळ सुटल्यावर आवाजाच्या मशीनवाल्याला धरलं. तो वायरी गुंडाळत बसला, वर बघेना.

"कधीपासून?"

"ताई, वर्ष होत आलं."

"मग माझा माइक?"

"बंद असतो."

"दिवा लागतो ना त्याचा."

"दिवा लावतो आम्ही. साहेब म्हणाले, ताईला कळलं तर मन मोडेल तिचं."

गेल्या वर्षी नवीन मशीन तपासायचंय म्हणून तू ती ओळ माझ्याकडून परत परत गाऊन घेतली होतीस. चहा स्वतः आणून दिला होतास. मला वाटलं, भाऊ किती माया करतो.

माझी जागा मशीनला दिलीस, तेही मी गिळलं असतं. तोंडावर सांगायचंस, ताई, पुरे झालं, घरी जा. मी तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि गेले असते. पण माझ्यासारख्या बाईला वर्षभर मेलेल्या माइकपुढे बसवलंस, आणि मी जीव तोडून गात राहिले.

आणि त्याच वर्षात माझी लेक अडली होती.

तिला दवाखान्यात घातलं त्या दिवशी मी पिशवी भरून तुझ्या दारात उभी होते. तुला आठवत असेल. नसेल तर आठव. मी म्हटलं, जाऊ का रे? आणि तू माझे दोन्ही हात धरून म्हणालास, "ताई, आजची माणसं फार लांबून आलीत. तुझ्याशिवाय कसं होणार?" माइक तेव्हाही बंद होता. मी पिशवी खाली ठेवली. तिकडे ती मला हाका मारत होती, नर्सनं नंतर सांगितलं. पोर वाचलं, तीही वाचली. माझ्याशी बोलायचं मात्र तिनं सोडलं.

काल दार उघडून तिनं एवढंच विचारलं, "आज खेळ नाही वाटतं?" आणि आत गेली. मी बाहेरच्या खोलीत झोपले.

मशीनवाला म्हणत होता, सांगा, तुमचा आवाज पुसून टाकतो. मी नको म्हटलं. आलेल्या माणसांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. त्यांच्यासाठी वाजव.

पण इकडे ये. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई आता मामावर ढकलतेय. तिला वाटतं, मी तिच्याऐवजी तुझं गाणं निवडलं. निवडलंच मी. पण तिथे निवडायला काही उरलंच नव्हतं, हे तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. ते तू तिच्यासमोर उभा राहून सांग. ड्रायव्हरला पाठवू नकोस, भेटवस्तू आणू नकोस. आवाज फाटला तर फाटू दे, इथे कोणी तिकीट काढलेलं नाही.

आला नाहीस तर परत मला ताई म्हणू नकोस.

तोवर तुझीच,
ताई