सासूच्या खाटेची निळी मांडणी

४ नोव्हेंबर २०१६
शेवंतीने कर्जाला अर्ज टाकला. मला न सांगता. धाकटी जाऊ माझी, एका अंगणात राहतो, तिच्या चुलीचा धूर माझ्या घरात येतो. आणि बातमी मला बचत गटातल्या बारकीकडून. चिकूच्या फोडी वाळवायला शेवंतीला शिकवलं कोणी? मी. फोड किती जाड, कुठल्या वाऱ्याला झाकायची, सगळं माझ्याजवळ बसून शिकली. आता तिला विजेवरचा ड्रायर पाहिजे. सरकारची सबसिडी आहे म्हणे. ती दहावी. मी चौथी. कागद तिच्याकडे आपले आपण चालत जातात.

५ नोव्हें.
विचारलं तोंडावर. म्हणते, "ताई, सांगणारच होते. आधी माझं होतं का बघते, मग तुझं करू."
आधी तिचं. लग्नात वरात पण तिचीच मोठी होती.

८ डिसेंबर
उद्या डहाणूच्या ऑफिसातला साहेब येणार शे.कडे. (आता शे.च लिहीन. पुरं नाव लिहायला हात उठत नाय.) धंदा चालू आहे का, सामान आहे का बघणार, फोटो काढणार. तिच्याकडे आहे काय? दोन सुऱ्या, एक गोणपाट.
संध्याकाळी आली. "ताई, मांडणी दे ना उद्यापुरती."
माझी मांडणी. फोडी वाळवायची, चार मजली. सासूची खाट मोडली तेव्हा ह्यांनी त्या लाकडाची केली. वर डहाणूच्या कोळणीकडची जुनी जाळी. होडीचा निळा रंग उरलेला मिळाला तो लावला. अशी दुसरी कुठे नाय.
पण आमच्या पाड्याची रीत आहे. पोरगी बघायला पाहुणे आले की सगळ्यांची भांडी, खुर्च्या, चादरी त्या घरात जातात. बघायला येणाऱ्याला घर भरलेलं दिसलं पाहिजे. माझ्या मंजूच्या वेळी बारकीची सतरंजी होती, आणि ताटं शे.ची होती. नाय म्हणणारीला मग पाड्यात तोंड दाखवायला नको. साहेब म्हणजे पाहुणाच.
दिली. दात खाऊन दिली.

९ डिसें.
साहेब खूश. मांडणीवरून हात फिरवला. "वा, घरीच बनवली?"
शे. म्हणाली, "हो साहेब, घरचीच."
फोटो काढला. शे. मधे, मांडणी मागे. मी कुठे? मी चहा गाळत होते.
मांडणी परत दिली. धुवून दिली. तेवढं खरं ते लिहिते.

२० मार्च २०१७
तिचं कर्ज पास. वापीहून टेम्पोत ड्रायर आला. कपाटाएवढा. सासूने त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. माझ्या मांडणीला कधी बोट तरी लावलं का म्हातारीने?
सगळे जेवायला गेले तेव्हा दार उघडून आत हात घातला. गरम हवा. उन्हासारखी, पण ढगाला न घाबरणारी.
मला पण पाहिजे. तसाच. नाय, मोठा.

२ मे
काल ढग आले. माझ्या फोडी काळ्या पडल्या, सगळ्या गुरांना. शे.च्या आत मशीनमधे, साहेबासारख्या बसलेल्या. बारकी आता तिच्याकडे रोजाने जाते, अजून दोघी जातात.
हे म्हणाले, "तुझं लक्ष फोडींवर कमी, तिच्या दारावर जास्त."
जेवायला वाढलं नाय ह्यांना.

११ ऑगस्ट
मी पण निघाले कर्जाला. तलासरीच्या बँकेत म्हणतात कोटेशन आणा. वापीच्या दुकानदाराने गुजरातीत लिहून दिलं, तर मराठीत आणा. मराठीत आणलं, तर डहाणूच्या ऑफिसची शिफारस आणा. डहाणूत म्हणतात आधी ट्रेनिंग करा. नवीन जिल्हा झाला तेव्हा सगळे नाचत होते, कामं जवळ येतील म्हणून. जवळ आली. आता जवळच्या जवळ हेलपाटे.
शे. म्हणाली, "मी येते ना ताई बरोबर, मला ओळखतात तिथे."
म्हटलं, म्हणूनच येऊ नको.

६ सप्टेंबर
ट्रेनिंग चालू. भिंतीवर कोण? शे. मोठा फोटो. मागे माझी मांडणी. मॅडम म्हणतात, "ह्या झरी गावच्या ताई बघा, ह्यांच्यासारखं व्हायचं."
बाजूची बाई कानात म्हणाली, "मांडणी किती छान आहे हो."
मी म्हटलं, हो.
वडा दिला होता मधल्या वेळी. तसाच कागदात बांधून घरी आणला.

१९ नोव्हेंबर
अच्छाडला हायवेवर ढाब्याच्या बाजूला फोडींची पाकिटं घेऊन बसले. नाक्यावर पूर्वी ट्रकांची रांग असायची, आता थांबतात थोडे. एक ड्रायव्हर आला, पाकीट उलटंपालटं केलं. "ये शेवंतीवाला है क्या?"
म्हटलं, "नाय. शेवंतीला शिकवणारीवाला है."
हसला. ठेवून गेला.

१६ फेब्रुवारी २०१८
आज माझी पाहणी होती. ह्यांना आधीच बजावलं होतं, कोणाच्या घरातली वाटी पण आणायची नाय. आहे ते दाखवायचं. सगळं माझं, स्वतःचं. अंगण सारवलं. मांडणीला परत निळा हात मारला.
साहेब तोच. आला, मांडणीकडे बघत उभा राहिला. मोबाईल काढला, बोटाने काहीतरी शोधलं. म्हणाला, "बाई, ही मांडणी शेवंतीबाईंची. आमच्या फोटोत आहे. उसनं सामान दाखवून कर्ज मागता?"
पाडा सगळा जमलेला. सगळ्यांना माहीत. एक बोलेल तर शपथ. शे. तिच्या दारात उभी, हात चिकाने भरलेले. ती पण नाय बोलली.
आणि मी? माझी जीभ कधी अडकत नाय. आज अडकली.
साहेब म्हणाला, "दोघींपैकी एकीची फाईल खोटी आहे. २६ तारखेला डहाणूला या आणि खरं काय ते सांगा. नाहीतर ही फाईल बंद."

१७ फेब्रु.
"तेव्हा तोंडाला काय चिकू चिकटला होता?" म्हटलं शे.ला.
"काय बोलणार ताई? मशीन नेतील माझं. सबसिडी परत मागतील."
"आणि माझं?"
मग म्हणते, "खाट तर सासूची होती ना? म्हणजे निम्मी माझीपण."
"खाट निम्मी तुझी असेल. मांडणी पुरी माझी."
सासू ओट्यावरून ओरडली, "खाट माझी! दोघींनी मोडलीत. मी जमिनीवर निजते, ते सांगा कोणीतरी साहेबाला!"
शे. फिसकन हसली. मला पण येत होतं, दाबलं. मग ती तशीच रडायला लागली. मी आत आले. दार जोरात लावलं.

२० फेब्रु.
बारकी येऊन गेली. "सांगू नका हो वहिनी, आमचा रोज जाईल." हे म्हणतात, सांगून टाक, उसनी दिली होती, त्यात काय. ह्यांना सगळं त्यातकायच असतं.
सांगितलं तर तिचं जातं. गप्प बसले तर माझं. मनात आलं, जाऊ दे तिचं. न्यायला टेम्पो येईल, मी ओट्यावर बसून बघेन. आलं मनात, खोटं कशाला लिहू. गोड वाटलं.
मग बारकीचं तोंड आठवलं. मग परत टेम्पो. दिवसभर हेच.

२४ फेब्रु.
काल तलासरीला गेले होते, मंजूला मुलगा झाला तिला बघायला. मांडणी भरून ठेवली होती. परत यायला निघाले तर आभाळ काळं. ह्या दिवसांत. रिक्षात बसून शिव्या घातल्या आभाळाला. घरी येऊन बघते तर मांडणी रिकामी. एक फोड नाय. जाळी पुसलेली.
शे.चं मशीन चालू होतं.
मांडणी उचलून आत घेतली. 
सकाळी वाळलेल्या फोडींची टोपली दारात. चाखून बघितली. मऊ नाय, कडक नाय. रंग सगळ्यांचा एकसारखा. माझ्या उन्हाने अशा कधी झाल्या नाहीत. फोडी माझ्याच, मीच कापलेल्या. तरी. याचाच जास्त राग आला. अजून येतोय.
रिकामी टोपली परत द्यायला गेले. शेवंती म्हणाली, "सोमवारी मीपण येते डहाणूला."
"कशाला? काय सांगणार आहेस?"
"तू काय सांगणार आहेस?"
  मशीन घुंघुं करत होतं.
म्हटलं, सकाळची पहिली एसटी. यायचं तर ये. तिकीट तुझं तू काढ.