चटईपलीकडची शिकवणी

कांदावू बेट,
ऑगस्ट २०२१

आतेभाऊ इनोसी यांस (चार महिन्यांनी मोठा आहेस म्हणून 'यांस', अकलेचा संबंध नाही) आपल्या रीतीप्रमाणे मानाच्या, पोकळ तळव्यांच्या तीन टाळ्या.

माझं आयुष्य फिरलं ते एका सोमवारी सकाळी, शाळेपुढच्या हिरवळीवर, मी हात वर केला त्या क्षणी. पण ते नंतर. आत्याचा गुडघा कसा आहे? सुवा शहरात साथीमुळे घराबाहेर पडायची बंदी आहे म्हणजे तुझा छापखानाही बंद असेल आणि तू दिवसभर खाऊन लोळत असशील, तेव्हा तुझ्या तब्येतीची चौकशी करत नाही. इथे सगळे ठीक. फोनला रेंज अजून टाकीच्या टेकाडावरच येते आणि तिथे दोन मावश्यांचा मुक्काम असतो, म्हणून हे पत्र.

तर तो सोमवार. अख्ख्या फिजीत शाळांना कुलूप लागलेलं. आपल्या शाळेतल्या उनाइसी बाईंनी (तुला फक्त 'बाई', मला उनाइसी) गाव गोळा करून सांगितलं की अभ्यासाचे कागद घरोघर पोचवायला आणि समजावून सांगायला माणसं हवीत. त्यांनी वाक्य पुरं करायच्या आत माझा हात वर होता. मी कॉलेज मध्येच सोडलं, आणि का, ते एकट्या तुलाच माहीत आहे (त्या शिक्षकाने माझ्या जोडकामाला 'कोंबड्यांचं खुराडं' म्हटलं, मी पान्हा फेकला, पान्हा खिडकीतून गेला). पण हात कॉलेजमुळे वर गेला नाही. वाटलं, रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसून कागद लावायचे, बोलता बोलता बोटाला बोट लागेल. तिने यादी काढली आणि मला एकच घर दिलं. नीरफणसाखालचं. आपल्या लितिया आजीचं.

त्या घरात वासिती आहे. माझ्या धाकट्या काकाची पोर, तेरा वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही. सुवातल्या तिच्या शाळेचं वसतिगृह रिकामं केलं तेव्हा शेवटच्या बोटीने घरी आली. शाळेने कळवलंय की आठवीचे सगळे कागद नीट सोडवून घेतले आणि शिकवणाऱ्याची सही असली तर नववीत जागा, नाहीतर वर्ष गेलं आणि वसतिगृहातली खाटही गेली. आणि खाट एकदा गेली की पोरगी इथेच चटया विणणार, हे तुलाही कळतं आणि मलाही.

आता अडचण बघ. तुझी ती मामेबहीण, तू तिची वेणी ओढून चेष्टा केलीस तरी गाव हसेल. माझी ती चुलत बहीण, म्हणजे सख्खीच. आणि आपल्या रूढीत भावाने बहिणीपासून अंतर राखायचं: मी तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या हातात वस्तू द्यायची नाही, एका चटईवर बसायचं नाही. मी कागद उंबऱ्यावर ठेवायचो, अंगणातून अपूर्णांक ओरडून आजीला सांगायचो आणि आजी ते वासितीपुढे तोंडाचा चंबू करून परत ओरडायची. (आजीला अपूर्णांक येत नाहीत आणि वासितीला आवाज, हे तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं.) चौथ्या दिवशी आजीने उकडलेला कसावा कापून पाव भाग दाखवला आणि खाऊन टाकला. म्हणाली, "तीन उरले. झालं तुझं गणित!"

संध्याकाळी दाराखालून कागद आला. वासितीचं अक्षर: "आजी चुकतेय. तूच सांग." मी मागे लिहिलं, "आपण बोलायचं नसतं." कागद परत आला: "मला तरी कुठे ऐकू येतं?"

तो कागद घेऊन मी गावाच्या बैठकीत गेलो. प्यायच्या यांगोनाचं भांडं मध्ये, म्हातारे गोल करून. प्रश्न असा, की वासिती शाळेत शिकलीय त्या खुणांचे हातवारे म्हणजे बोलणं का? गावप्रमुख वाइसाके काका म्हणाले, "हात हलवणं बोलणं असेल तर होडीतून किनाऱ्यावरच्या बहिणीशी मी रोज बोलतो." त्यावर एकजण म्हणाला, "मग हाताने शिवी दिली तर ती शिवी नाही का, काका?" झालं. तीन करवंट्या फिरल्या, टाळ्या वाजल्या, विषय शिव्यांवरच राहिला. कोणाच्या बापाने कोणाला काय दाखवलं होतं ते सगळं निघालं.

माझं डोकं फिरलं. "रूढी जपा आणि पोरीला बसवा घरी!" असं म्हणत मी उठलो. उठलो, म्हणजे उभा राहिलो, इनोसी. बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यांपेक्षा उंच, म्हणजे थेट अपमान. भांड्यातलं पाणीसुद्धा थिजल्यासारखं झालं. माफीसाठी दुसऱ्या दिवशी यांगोनाच्या मुळ्यांची मोळी घेऊन मी दारापासून गुडघ्यांवर सरपटत गेलो (गुडघ्यांच्या बाबतीत आत्याशी आता माझं जमेल). वाइसाके काकांनी मोळी घेतली आणि निकाल दिला नाही. निकाल मागून आला, बायकांच्या बाजूने. लितिया आजी म्हणाली, "बोलायला बंदी आहे, शिकायला कोणी घातलीय? मी बसते मध्ये. बघू माझ्यादेखत काय बुडतंय ते."

तेव्हापासून आजी मध्ये चटई विणत बसते. चटईच्या या टोकाला मी, त्या टोकाला वासिती. आधी तिने मला खुणा शिकवल्या, मग मी तिला गणित. आजी न शिकता शिकली. परवा मी भूमितीत अडकलो तर तिने विणता विणता मला खूण केली. मी वासितीकडे पाहिलं. तिने कागदावर लिहिलं, "म्हणतेय, गधड्या, आकृती उलटी धरलीयस."

उनाइसी गुरुवारी येते. मागच्या गुरुवारी दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "तुझ्यात एवढा धीर कुठून आला रे?" मी नीरफणसाकडे पाहिलं. फळ चांगलं धरलंय यंदा.

बाकी क्षेम. आत्याला टाळ्या.

तुझा,
सिरेली

ता. क. एक सांगायचं राहिलं. सही करणाऱ्याने कॉलेज पुरं केलेलं हवं, असं त्या शाळेचं म्हणणं. उनाइसीने विचारलं तेव्हा मी 'हो' म्हटलं होतं. (ती चेहऱ्यावरची बट मागे सारत होती. तूही 'हो' म्हटलं असतंस.) तिने माझं नाव पाठवलंय. छापखान्याची किल्ली तुझ्याकडेच असते ना? एक प्रमाणपत्र शुक्रवारच्या बोटीने पाठव. शिक्का जरा पुसट असू दे.

ता. क. दुसरा. नको पाठवूस. वरचं लिहून आजीकडे गेलो तर वासितीने सोडवलेले कागद दाखवले. एकशे बारा, दोऱ्याने शिवलेले. माझी सही खोटी निघाली तर ते एकशे बाराही खोटे. खरी सही उनाइसीचीच होऊ शकते, पण त्यासाठी तिला उरलेला महिना रोज येऊन स्वतः शिकवावं लागेल, आणि का, ते मला तिच्यापाशी कबूल करावं लागेल. ती आत्ता शाळेच्या पायरीवर बसलीय, मला खिडकीतून दिसतेय. पत्र बोटवाल्याला देतो आणि तसाच तिकडे जातो. हे चपला घालून, उभ्यानेच लिहितोय. दार बाहेरून ओढून घेतो. उघडं राहिलं तर मी परत आत येईन.