माणूस असल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
संगणकीकरण व सुधारणा विभाग,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत.

विषय : अर्जदार हा यंत्र नसून माणूस असल्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) नवीन ऑपरेटिंग सिस्टीमसंबंधी आपले परिपत्रक. (ते फोटो काढून पाठवल्यामुळे अर्जदाराच्या संगणकाने "चित्र" एवढेच वाचले. मजकूर चांगलाच असणार.)
२) अर्जदारास मिळालेली 'कारणे दाखवा' नोटीस. (ही लिफ्टमनने वाचून दाखवली.)

महोदय,

अर्जदार रुग्णालयाच्या तळमजल्यावरील टेलिफोन खोलीत ऑपरेटर आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही. तसा दाखला कार्यालयात जमा असून, न दिसण्याला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. माणूस असल्याचा दाखला मात्र कधी कोणी मागितला नव्हता, म्हणून काढून ठेवला नाही, ही चूक झाली. तो हाती येईपर्यंत 'मी' म्हणणे नियमबाह्य ठरू नये, यास्तव या अर्जात जपून 'अर्जदार' असेच लिहिले आहे.

१. जुन्या सिस्टीमवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, इतका भरभर बोलत असे की शेजारच्या खोलीतील लेखापाल भाऊसाहेबांना आत भांडण चालले आहे असे वाटे. अर्जदार त्या आवाजाला 'मास्तर' म्हणे. मास्तर चिरक्या आवाजाचे, पण कामाचे होते. फोनवरच्या माणसाचे पेशंटचे आडनाव सांगून संपते न संपते तोच त्याचा वॉर्ड आणि खाट अर्जदाराच्या कानात आलेली असे. आपल्या विभागाने एका शनिवारी येऊन मास्तरांना काढून टाकले. निरोपसमारंभ झाला नाही.

२. नव्या सिस्टीममधील बाईंचा आवाज अतिशय गोड आहे. सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही नाही, एवढीच अडचण आहे. पेशंटची यादी उघडली की त्या "बटण" म्हणतात. पुढे सरकले की पुन्हा "बटण". कशाचे, ते त्यांनाही कोणी सांगितलेले नसावे. पूर्वी जी कळ दाबून पेशंट शोधला जाई, ती दाबली की आता संगणक झोपी जातो. अर्जदार इतकी वर्षे कळा दाबत आला, आता सोसतो आहे. तक्रार करताच आपले इंजिनिअर तत्परतेने आले आणि "समोर निळं बटण दिसतंय ना, तेवढं दाबा," म्हणाले. दिसत नाही असे सांगितल्यावर त्यांनी पडद्याचा उजेड वाढवून दिला. त्याबद्दल अर्जदार ऋणी आहे.

३. हे सर्व चालवून घेता आले असते. परंतु नवी सिस्टीम रोज सकाळी आत घेण्यापूर्वी विचारते की आपण यंत्र नाही ना. तसे सिद्ध करण्यासाठी काही चित्रे पुढे येतात आणि त्यांतील सिग्नल निवडायचे असतात. बाई म्हणतात, "चित्र. चित्र. चित्र." ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आवाजाची सोय आहे, हे मान्य केले पाहिजे. तीत कोणीतरी गिरणीत उभे राहून आकडे सांगतो, आणि तो बोलू लागला की बाई मध्येच "आवाज सुरू आहे" असे कळवतात. मग आकडेही जातात आणि बाईही गप्प होतात.

तेव्हा रोज कोणाचे तरी डोळे उसने घ्यावे लागतात. मागच्या आठवड्यात भाऊसाहेब व लिफ्टमन दोघेही मदतीस आले. सिग्नलचा खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही, यावर दोघांची जुंपली. भाऊसाहेबांनी खांब धरला आणि सिस्टीमने त्यांना यंत्र ठरवून दार लावून घेतले. भाऊसाहेबांच्या बाबतीत कार्यालयात पूर्वीपासून हीच शंका असल्याने कोणाला धक्का बसला नाही. ते मात्र तेव्हापासून अर्जदाराशी बोलत नाहीत.

४. हा प्रकार घरी सांगितला असता अर्जदाराच्या पत्नीने भाजी चिरता चिरता म्हटले, "मी देते की लिहून. माणूस आहेत म्हणून लिहीन. शहाणे आहेत, एवढं मात्र लिहायला लावू नका." हा दाखला सोबत जोडला आहे. घरच्या माणसाची साक्ष चालत नसल्यास परत करावा, अर्जदार तो फ्रेम करून घेईल.

५. आता नोटिशीविषयी. 'कामाच्या वेळेत जागा सोडली' हा आरोप खरा आहे. त्या दिवशी लिफ्टमन रजेवर होते, भाऊसाहेब रुसलेले होते आणि सिस्टीमने अर्जदाराला आत घेतले नव्हते. एका मुलीचा परगावाहून फोन आला. वडिलांना गाडीने उडवले, इथे आणले एवढेच तिला कळले होते. तीन ठिकाणी फोन करून रेकॉर्ड केलेले आवाज ऐकून ती थकली होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कोण बोलतंय? माणूस आहे ना?"

अर्जदार म्हणाला, "माणूस आहे. बोला."

आणि मग त्याला पुढे काही सांगता येईना. मास्तर असते तर त्याच दमात वॉर्ड सांगितला असता. संगणकातल्या बाई नुसत्या "चित्र" म्हणत होत्या. साहेब, इतकी लाज अर्जदाराला आयुष्यात वाटली नव्हती. फोन ठेवू नका असे सांगून, काठी घेऊन तो जिन्याने वर गेला आणि वॉर्डावॉर्डात विचारत फिरला. वडील हाडांच्या वॉर्डात सापडले. पाय मोडला होता, पण शुद्धीवर होते आणि चहा का देत नाहीत म्हणून नर्सबाईंशी वाद घालत होते. परत येईपर्यंत त्या मुलीने फोन धरून ठेवला होता. चहाचे ऐकून ती आधी हसली आणि मग रडली. हेच कारण. दुसरे दाखवण्यासारखे नाही.

६. नोटिशीच्या शेवटी असे आहे की अर्जदारास नवी सिस्टीम जमत नसल्याने त्याला कपड्यांच्या भांडारात बसवण्यात येईल व येत्या एक तारखेपासून फोनला रेकॉर्ड केलेला आवाज उत्तर देईल. म्हणजे अर्जदाराला आपण यंत्र नाही हे सिद्ध करता आले नाही, म्हणून त्याच्या जागी यंत्र बसवण्यात येत आहे. यातील तर्क अर्जदाराने दोनदा वाचून घेतला. लिफ्टमन म्हणाले की वाचण्यात चूक नाही.

तरी विनंती की मास्तरांना परत बोलवावे. ते शक्य नसेल तर नव्या बाईंना बटणांची नावे शिकवावीत आणि ती चित्रे काढून टाकावीत, म्हणजे अर्जदार आपल्या खुर्चीवर राहून काम करू शकेल. तेही जमणार नसेल, तर निदान मागितलेला दाखला द्यावा. भांडारात चादरींना तो दाखवता येईल.

दाखल्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक वाटल्यास आपण रुग्णालयात एक फोन करावा. कोण बोलतंय, माणूस आहे ना, असे त्या मुलीसारखे सरळ विचारावे. तिने एकही चित्र न दाखवता विश्वास ठेवला होता. मात्र फोन एक तारखेच्या आत करावा. तोवर मी उचलेन.

आपला नम्र व अद्याप अप्रमाणित,
(सही, लिफ्टमनने बोट ठेवून दाखवलेल्या जागी)
टेलिफोन ऑपरेटर, तळमजला
दिनांक : चालू महिन्याची वीस तारीख

सोबत : १) अंधत्वाचा दाखला. २) पत्नीचा दाखला, शहाणपणाचा उल्लेख वगळून. ३) आपले परिपत्रक, कोणी वाचून दाखवेल या आशेने.