दिव्यानीच्या गोळ्या

३ नोव्हेंबर
दिली गोळ्यांची एक पट्टी. धान कापताना लालसूच्या बायकोला, बायनाला, फिटचा झटका आला — हातात विळा! माझ्या पोरीला, दिव्यानीला, याच गोळ्यांनी दोन वर्षं झटका नाही. घरात जास्तीच्या होत्या. देवानं आपल्याला दिलं ते शेजाऱ्यालाही द्यावं.

१० नोव्हेंबर
बायना बरी आहे. दुसरी पट्टी दिली. लालसूनं मध आणला.

१७ नोव्हेंबर
बायनाला ताप. डोळे लाल, ओठांवर, छातीवर फोड. मीच म्हटलं, माता आली. कडुनिंबाचा पाला नेला, हात जोडले. म्हटलं, झटक्याची गोळी मात्र थांबवू नका.

१९ नोव्हेंबर
मातेचे फोड असे नसतात. तिची कातडी चादरीला चिकटून निघाली! ट्रॅक्टरवर घालून तालुक्याच्या दवाखान्यात आणली. तिथल्या डॉक्टर दीपिका मॅडमनी विचारलं, "काही गोळ्या चालू होत्या?"
लालसू म्हणाला, "नाई."
मी मागे उभा होतो.
बाहेर आलो. रामनाम घ्यायला तोंड उघडलं, देवाचं नाव येईना. परत आत गेलो, सगळं सांगितलं.
मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच — "शेवटची कधी दिली?"
"आज सकाळी."
त्यांनी गाडी बोलावली. गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला.
गाडी येईपर्यंत म्हणाल्या, रोगाशी लढायला शरीरात काही खुणा असतात, आईबापाकडून आलेल्या. एखादी खूण असली की हीच गोळी घेतल्यावर शरीर आपलीच कातडी जाळू शकतं. काही समाजांत ती खूण जास्त, काहींत विरळ. इकडच्या लोकांत किती, ते त्यांनाही ठाऊक नाही.
"पण माझ्या पोरीला तर चालली!"
"म्हणून हिला चालेल असं नाही, नथ्थूभाऊ."
भजनात आपण म्हणतो, सगळ्यांचं रक्त एक. त्याच भरवशावर दिली होती.

२० नोव्हेंबर
बायना डोळे उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, आताच काही सांगता येत नाही.

२४ नोव्हेंबर
तसंच. आज जेवलो नाही.

३० नोव्हेंबर
पाणी प्यायली! देवा! रक्ताचा रिपोर्ट आला — ती खूण आहे. तिच्या लेकरांचंही रक्त तपासायला सांगितलं. कोणत्या गोळ्या पुन्हा कधीच घ्यायच्या नाहीत, ते चिठ्ठीवर लिहून दिलं.

१ डिसेंबर
लालसूला विचारलं, "मॅडमले काऊन नाई सांगितलं गोळ्याचं?"
तो म्हणाला, "मी सांगनार होतो, भाऊ. ट्रॅक्टरवर बायनाच बोलली — भाऊचं नाव नोको घेऊ, त्यायले पोलीस नेतीन."