रक्त गोठेपर्यंत

देवळी, ९ फेब्रु. १९९७
पोर दोन महिन्यांची व्हायला आली. डोळे पिवळेच. शी पांढरी, भिजवलेल्या खडूसारखी. सासूबाईंना दाखवलं. म्हणाल्या, "पोरगी हाये, मरत नाई. उन्हात ठेवजो." रोज ठेवतेच. बारशाचं विचारलं तर उठून गेल्या.

१२ फेब्रु.
कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. गळ्यात मुळ्यांची माळ घातली. माळ लांबली की कावीळ उतरली म्हणे. माळ लांबली. कावीळ तशीच.

१५ फेब्रु.
कान टोचले की कावीळ जाते, असं कुणीतरी सा.बाईंना सांगितलं. मी नळावर असताना सोनाराला बोलावून टोचून घेतले. डाव्या कानाचं रक्त थांबेना. हळद दाबली, कापूस दाबला. दुपटं भिजलं, मग माझा पदर. "पोरीच्या जातीले आतापासूनच सवय पाहिजे," म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. ह्यांना दुकानात निरोप धाडला. उलटा निरोप आला, गिऱ्हाईक आहे. एकटीच एस.टी.नं वर्ध्याला निघाले. कंडक्टर म्हणाला, "बाई, सीट खराब होऊन राह्यली."

१६ फेब्रु. दवाखाना
डॉक्टरीणबाई सगळ्या वॉर्डासमोर ओरडल्या, "इतकी पिवळी पोर, आजवर झोपला होता का?" मग खाली बसून समजावलं. पित्ताची नळी बंद आहे. पित्त आतड्यात उतरत नाही, लिव्हरमध्येच साचून ते खराब करतं. पित्त नाही, म्हणून के जीवनसत्त्व अंगी लागत नाही. त्याच्याशिवाय रक्त गोठत नाही. तपासायला सुई टोचली, तिथूनही थेंब थेंब.
के चं इंजेक्शन दिलं. "आता रक्त गोठलं तर लिव्हरमध्ये जीव आहे, ऑपरेशन करता येईल. नाही गोठलं तर..."
केसपेपर पुढे ओढला.
नाव विचारलं. मैना लिहा म्हटलं.

१७ फेब्रु.
कानाचं रक्त थांबलं. रडायचं होतं, पण बसल्या बसल्या झोप लागली.
दुपारी हे आले. तिच्याकडे पाहिलं नाही.
"आई म्हणते, चिरून काऊन हाल करता. पुढं पोरगा होईन."
"तुम्ही काय म्हणता?"
"मी काय म्हणू? एकटी येशील तर ये. हिले घेऊन येऊ नको."
डबा ठेवून गेले. भात आंबलेला.

१९ फेब्रु.
रक्ताचा रिपोर्ट चांगला. उद्या ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उशीर झालाय. नवी वाट करून दिली तरी पित्त वाहीलच असं नाही." करा म्हटलं. सही मीच केली.
शेजारच्या खाटेवर वडनेरची बाई आहे. विचारत होती, "माहेरी कोन हाये तुले?"
"भाऊ."
"मंग सासरी वापस कायले जातं?"
अजून ठरत नाही. भावाची बायको कशी वागेल कोण जाणे, आणि पोर जगली तरच हा प्रश्न. नाही जगली तर... पण मग त्या घरात तरी कशाला...

२० फेब्रु.
सकाळपासून तिला उपाशी ठेवायला सांगितलं. पदराला तोंड लावत होती, मी मान वळवून बसले. आत नेताना नर्सनं हातातून सोडवून घेतली.
दूध दाटून ब्लाउज भिजलाय. आतून कुणी आलेलं नाही.