अकरबातले दोन दिवस

देरा, दुबई
१ मार्च १९६४

लाडकी बहीण सायरा हिस,
खैरुभायचा सलाम आणि खूप दुवा.

‘इथं सर्व खुशाल’ लिहायला माझा हात इतका सरावलाय, की आजही तेच लिहिलं आणि मग कागद फाडला. हा दुसरा कागद. तुझं पत्र बुधवारी मिळालं. अब्बा दोन घास खातात का? मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्याआधी रत्नागिरीत करून घेऊ, नाही म्हणाले तरी.

इथली थंडी सरली. शेठच्या दुकानात कापडाच्या नव्या गाठी आल्यात, दिवसभर मान वर करायला फुरसत नाही, तेच बरं आहे. खाडीच्या बाजूनं मी हल्ली जात नाही. तिथं रोज लाँचा लागतात, तांडेल लोक ओळखीचे, हाक मारतात. मागच्या गल्लीनं दुकान गाठतो.

तू दोन प्रश्न विचारलेस. एक अब्बांचा, आपल्या मुश्ताकनं लाँच कोणत्या वारी सोडली. दुसरा तुझा, तो तू कडेला बारीक अक्षरात लिहिलायस, कुणी पाहू नये असा. दोन्हींचं उत्तर देतो. पण जरा वळसा घेऊ दे, एकदम लिहवत नाही.

तुला ती परात आठवते? अब्बा परातीत तिच्या निम्म्या मापाचं झाकण कडेकडेनं फिरवायचे. झाकणाच्या काठावर चुन्याचा ठिपका. झाकण गोल फिरायचं, ठिपका मात्र परातीत सरळ रेषेत इकडून तिकडे जायचा. सातशे वर्षांपूर्वी इराणातल्या मरागाच्या वेधशाळेतल्या लोकांनी ग्रहांच्या चालीसाठी ही युक्ती काढली, हे सांगताना अब्बांचा चेहरा असा फुलायचा, जणू ते स्वतः तिथं हजर होते! मी जांभया द्यायचो. मुश्ताक झाकण सोडायचा नाही, अम्मा भाकरी थापायला परात मागून थकायची.

आजोबांच्या हातची ती जीज, ग्रहगतीच्या तक्त्यांची पोथी, अब्बांनी आम्हा दोघांना शिकवली. तुला नाही शिकवली. तिच्यात आकड्यांच्या जागी अरबी अक्षरं, आणि मुलीला ती आकडेमोड कशाला, असं तेव्हा सगळेच म्हणत. आज त्याचा मला राग येतो. अब्बांचा एक कायदा होता. डोळ्यांनी घेतलेला वेध आणि पोथीतला तक्ता जुळला नाही, तर तक्ता खोडायचा, वेधाला हात लावायचा नाही. मुश्ताकनं एकदा मंगळाचा वेध तक्त्याशी जुळवून लिहिला, तेव्हा त्याला थोबाडीत बसली होती.

एवढे हिशेबी अब्बा, पण चंद्र अकरबात, म्हणजे वृश्चिकेत, असला की घरातल्या कुणाला समुद्रावर जाऊ देत नसत. स्वतः मानत नव्हते. अम्माचा भाऊ तशा दिवसांत बुडाला होता, म्हणून तिच्यासाठी पाळायचे, आणि ती गेल्यावर तर जास्तच.

आता फेब्रुवारीचं सांगतो. मुश्ताकची लाँच भरून तयार होती. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की सुटायचं आणि घरी ईद गाठायची, असं त्यानं ठरवलं होतं. गुरुवारी अब्बांचं पत्र आलं, तुझ्या अक्षरात. शनिवारपर्यंत अकरब आहे, रविवारच्या आधी लाँच सोडू नकोस.

मुश्ताकनं पत्र वाचलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसला. म्हणाला, “खैरुभाय, अब्बांनी पंचांगातला चांद धरलाय! आपल्या जीजनं अकरब आज रात्री खलास.”

त्याचं बरोबर होतं. पंचांगाच्या राशी ताऱ्यांना धरून चालतात, जीजच्या राशी ऋतूंच्या वर्षाला. दोन्हींत फट पडत गेलीय, चंद्राला ती ओलांडायला दोन दिवस लागतात. हे आम्हाला अब्बांनीच शिकवलं. या खेपेला पोथी दिसेना म्हणून त्यांनी तुझ्याकडून भिंतीवरचं पंचांग वाचून घेतलं असणार, आणि ते दोन दिवस वजा करायला विसरले.

“मग बसलायस काय? यल्ला, उद्या सोड,” मी म्हटलं.

“आकडा चुकलाय, भाय. सांगणारा माझा बापच आहे ना? घरी गेलो की पहिलं विचारतील, माझं ऐकलंस का? तेव्हा काय सांगू, तुम्हाला आता दिसत नाही म्हणून तुमचा आकडा चुकला?”

“अरे, ईद हुकेल.”

“ईद पुढच्या साली पण येते.”

रविवारी सकाळी गेला. सोमवारी आखाताच्या तोंडाशी, मुसंदमच्या टोकाला, उत्तरेचा वारा उठला. पुढचं तुला तारेनं कळलंच. मी तिथल्या खसब बंदरात जाऊन लाँचच्या फळ्या पाहून आलो, त्याबद्दल विचारू नकोस. शुक्रवारी निघाला असता तर सोमवारी तो त्या वाऱ्याच्या कितीतरी पुढे मोकळ्या समुद्रात असता. मी पुन्हापुन्हा मांडून पाहतो, उत्तर बदलत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे, सायरा. तू दिवस बरोबर वाचलास. पंचांगही त्याच्या जागी बरोबर. आणि मुश्ताकला सगळं ठाऊक होतं. त्याच्या नावाची शपथ घालतो, हे ओझं तू घेऊ नकोस.

अब्बांचं उत्तर वेगळं आहे. त्यांच्यासमोर वाचायला दुसरं पत्र याच लिफाफ्यात घातलंय. त्यात लिहिलंय की मुश्ताक शुक्रवारीच निघाला. तुमचं पत्र वाचून हसला, म्हणाला म्हातारा काहीही सांगतो, मला ईद गाठायचीय. शुक्रवारची लाँच सोमवारी मुसंदमलाच कशी, हे अब्बा हमखास विचारतील, म्हणून इंजिन बिघडून खसबच्या आडोशाला थांबल्याचंही घातलंय. अब्बांच्या घरात त्या मंगळानंतर पुन्हा कुणीतरी वेध खोडून तक्ता राखतोय. ते थोबाडीत मारतील एवढ्या जवळ मी नाही, हेच वाईट वाटतं.

अब्बा चिडतील. कार्ट्यानं माझं ऐकलं असतं तर, असं म्हणत राहतील. म्हणू दे, त्या वाक्याच्या आधारानं ते जगतील. आपल्या घरातला बापाचं सगळ्यात जास्त ऐकणारा पोरगा आजपासून बापाचं न ऐकणारा ठरणार, आणि त्यांच्या दुवेत त्याचं नाव यायला किती दिवस लागतील, देव जाणे. मुश्ताक मला माफ करेल. त्यानंही हेच केलं असतं.

पंचांग भिंतीवरून काढू नकोस, जागा रिकामी लागली तर अब्बा विचारतील. आणि ते दुसरं पत्र वाचताना आवाज कापू देऊ नकोस. त्यांना दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

तुझा उरलेला भाऊ,
खैरुद्दीन